बेअरिंग बदलूनही परत येणारा प्रोपेलर शाफ्टचा आवाज : निदान आणि दुरुस्ती

गाडीने ताशी पन्नास किलोमीटरचा वेग ओलांडला की मागच्या आसनांखालून एक सलग, रडका सूर सुरू होतो, साठ-सत्तरला तो कानात भरतो आणि वेग आणखी वाढला की टायरच्या व वाऱ्याच्या आवाजात बुडून जातो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची ही तक्रार पुण्यातल्या कोणत्याही गॅरेजला नवी नाही आणि तिचे उत्तरही ठरलेले आहे : "सेंटर बेअरिंग वाजतंय, साहेब, बदलून टाकू." बेअरिंग बदलले जाते, आवाज खरोखरच कमी होतो, आणि काही महिन्यांनी तोच सूर त्याच वेगाला पुन्हा ऐकू येऊ लागतो. मग दुसऱ्या गॅरेजमध्ये क्रॉस बदलले जातात, तिसऱ्या ठिकाणी क्राऊन-पिनियनवर ठपका येतो आणि खर्चाचा आकडा एकदम वर जातो. हा लेख अशा परत परत येणाऱ्या आवाजापुरताच आहे. या गाड्यांत बदललेला भाग बहुधा खराबच झालेला असतो; तो कशामुळे खराब झाला हे मात्र कोणी पाहिलेले नसते, आणि मूळ कारण जागेवरच राहिल्यामुळे नवा भागही जुन्याच्याच वाटेने जातो, असे माझे मत आहे.

बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, फॉर्च्युनर, ईको आणि हायक्रॉस येण्यापूर्वीच्या इनोव्हा या गाड्यांत गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत शक्ती पोहोचवण्याचे काम प्रोपेलर शाफ्ट करतो. लांब गाड्यांत हा शाफ्ट पुष्कळदा दोन तुकड्यांचा असतो. त्याच्या मध्यावर रबराच्या कड्यात बसवलेले बॉल बेअरिंग असते, ते एका कंसाने चासीच्या आडव्या पट्टीला टांगलेले असते आणि पुढे, मध्ये व मागे मिळून तीन क्रॉस, म्हणजे एकमेकांशी कोनात असलेले दोन तुकडे जोडून फिरू देणारे सांधे, असतात. मागच्या टोकाला हाऊसिंगमध्ये, म्हणजे मागच्या एक्सलच्या पेटीत, पिनियन हे लहान आणि क्राऊन हे मोठे अशी दोन दातेरी चाके असतात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या लहान गाड्यांचे दुखणे निराळे असते : त्यांचा बाहेरचा सीव्ही जॉइंट (चाकाकडच्या शाफ्टचा सांधा) पूर्ण वळणावर कटकट करतो, आतला जोर देताना थरथरतो, पण सलग सूर त्यांच्या शाफ्टमधून क्वचितच येतो. त्यांच्या मालकांना पुढील चाचण्या उपयोगी पडतील. बाकीचा मजकूर त्यांच्यासाठी नाही.

पाना हाती घेण्यापूर्वी

पहिली चाचणी अगदी साधी आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी साठ हा वेग धरावा आणि त्याच वेगाला तिसऱ्या, चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये आवाज ऐकावा. गिअर बदलल्यावर सुराची पट्टी बदलत असेल, तर आवाज इंजिनाच्या फेऱ्यांशी जोडलेला आहे, आणि अशा वेळी शाफ्ट सोडून अल्टरनेटर, स्टिअरिंगचा पंप, टर्बो किंवा पट्ट्यांचे रोलर यांच्याकडे पाहावे. गिअर कोणताही असला तरी पट्टी तीच राहत असेल, तर आवाज गिअरबॉक्सच्या मागच्या टोकापासून चाकांपर्यंतच्या भागात आहे. एका गोष्टीकडे मात्र मुद्दाम लक्ष द्यावे. या प्रकारच्या बहुतेक पाच गिअरच्या गाड्यांत चौथा गिअर थेट असतो, म्हणजे त्यात शक्ती गिअरबॉक्सच्या आतल्या खालच्या शाफ्टच्या दातांमधून न जाता सरळ मागे जाते. त्यामुळे जो आवाज बाकीच्या गिअरमध्ये येतो आणि केवळ चौथ्यात नाहीसा होतो, तो गिअरबॉक्समधला असतो. हा फरक न ओळखल्यामुळे निष्कारण उघडलेली हाऊसिंगे मी पाहिली आहेत.

दुसरी चाचणी भाराची. त्याच वेगाला एकदा अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी खेचावी, एकदा पाय पूर्ण उचलून गाडी इंजिनावर मंदावू द्यावी आणि एकदा अ‍ॅक्सिलरेटर इतकाच धरावा की गाडी खेचतही नाही आणि अडतही नाही. खेचताना येणारा आणि पाय उचलताच थांबणारा स्वच्छ सूर हा क्राऊन-पिनियनच्या पुढच्या अंगाच्या दातांचा असतो. पाय उचलल्यावर सुरू होणारा सूर बहुधा पिनियनची नट ढिली पडल्याचे किंवा पिनियनच्या बेअरिंगला खेळ आल्याचे सांगतो. तिन्ही स्थितींत सारखाच राहणारा, काहीसा खरखरीत आवाज बेअरिंगचा असतो. मग ते मधले असो, पिनियनचे असो की चाकाचे. क्लच दाबून, गिअर न्यूट्रलला आणून गाडी काही क्षण सोडून पाहण्याची पद्धतही उपयोगी आहे, पण ती सपाट रस्त्यावरच वापरावी. कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर ती मुळीच वापरू नये. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या वाहनांनी तिथे कसे अपघात केले आहेत, हे पुणेकरांना सांगायला नको.

तिसरी चाचणी टायर आणि चाकांची बेअरिंगे बाजूला काढण्यासाठी आहे. द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवरून डांबरी रस्त्यावर येताच आवाजाचा पोत बदलत असेल, तर तो टायरचा आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, गाडी हलकेच डावीकडे-उजवीकडे झुलवल्यावर एका बाजूला आवाज वाढून दुसऱ्या बाजूला कमी होत असेल, तर चाकाचे बेअरिंग पाहावे. गाडी उजवीकडे वळते तेव्हा भार डाव्या चाकावर येतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे बाजू चुकत नाही. दर दहा-बारा हजार किलोमीटरला टायरांची अदलाबदल न केलेल्या गाडीत मागच्या टायरांच्या कडा करवतीसारख्या झिजतात, आणि त्यांचा आवाज प्रोपेलरच्या आवाजाशी इतका मिळताजुळता असतो की अनुभवी मिस्त्रीही फसतो. मागची चाके पुढे आणि पुढची मागे लावून एक फेरी मारण्याला काहीच खर्च येत नाही, म्हणून ती आधी मारावी.

सुराचे गणित

मोबाइल फोनमुळे आता जी गोष्ट फुकटात होते, ती कोणी करत नाही, याचे मला नवल वाटते. आवाजाचे वर्णन "घरघर", "सूं सूं", "रडणे" अशा शब्दांत करण्यापेक्षा त्याची वारंवारता मोजली, तर कोणता भाग बोलतो आहे हे कागदावर निघते. आवाजाचा वर्णपट दाखवणारी अ‍ॅप्स मोफत मिळतात; गाडी एकाने चालवावी आणि फोन शेजारच्याने धरावा.

उदाहरणासाठी २०५/६५ आर १५ मापाचा टायर घेऊ. भाराखाली त्याचा एका फेऱ्यातला प्रवास सुमारे दोन मीटर धरता येतो. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर, म्हणजेच चाकाच्या सेकंदाला १० फेऱ्या. क्राऊनला ४१ आणि पिनियनला १० दात असतील, तर प्रमाण ४.१ होते आणि शाफ्ट सेकंदाला ४१ फेऱ्या, म्हणजे मिनिटाला २,४६० फेऱ्या फिरतो. यावरून चार आकडे मिळतात. शाफ्टचा तोल गेला असेल, तर थरथर फेरीला एकदा, म्हणजे ४१ हर्ट्झला येते. ती कानापेक्षा आसनाला आणि पायाखालच्या पत्र्याला जास्त जाणवते. क्रॉसच्या कोनांतली चूक फेरीला दोनदा धक्का देते, म्हणजे ८२ हर्ट्झ. हा खालच्या पट्टीतला घुमारा असतो आणि बंद काचांच्या गाडीत कानांवर दाब आल्यासारखा वाटतो. सेंटर बेअरिंगमध्ये नऊ गोळ्या असल्या आणि त्याच्या कड्यावर खड्डे पडले असले, तर बाहेरच्या कड्याचा आवाज शाफ्टच्या फेऱ्यांच्या सुमारे साडेतीन पट आणि आतल्या कड्याचा सुमारे साडेपाच पट येतो, म्हणजे साधारण १४५ ते २२५ हर्ट्झ. आणि क्राऊन-पिनियनच्या दातांचा आवाज दर दाताला एक याप्रमाणे ४१० हर्ट्झला येतो.

ज्याला लोक शाफ्टचा सूर म्हणतात, तो पुष्कळदा हा शेवटचा असतो. नुसता शाफ्ट एवढ्या वरच्या पट्टीत बोलूच शकत नाही. त्यासाठी दात लागतात. ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना फोनचीही गरज नाही : मध्य सप्तकातील काळी चार सुमारे ४१५ हर्ट्झची असते, तेव्हा ताशी ७२ ला गाडी जवळजवळ काळी चारमध्ये गात असेल, तर या मापाच्या गाडीत शाफ्टला दोष देऊन उपयोग नाही. आपल्या गाडीच्या टायरचे माप आणि दातांचे प्रमाण वेगळे असेल, तर आकडे बदलतील, रीत तीच राहील. प्रमाण गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते. नोंद घेताना वेग घड्याळावरून न घेता जीपीएसवरून घ्यावा, कारण गाडीचे घड्याळ खऱ्यापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवते.

वेग वाढवला की खरा आवाज त्याच प्रमाणात वर सरकतो. पट्टी जागच्या जागी राहून विशिष्ट वेगालाच आवाज फुगत असेल, तर तो भाग बोलत नसून पत्रा, एक्झॉस्टचा टांगता पाइप किंवा चासीची एखादी पट्टी त्या वारंवारतेला दाद देत असते, आणि अशा वेळी एक्झॉस्टची रबरे बदलूनही निम्मा आवाज जातो.

खड्ड्यात उतरल्यावर

गाडी शक्यतो चारही चाके टेकलेली राहतील अशा रॅम्पवर किंवा खड्ड्यावर घ्यावी. जॅकवर घ्यावी लागली, तर एक्सलखाली घोड्या लावल्याशिवाय कोणीही खाली जाऊ नये आणि फिरत्या शाफ्टच्या जवळ हात, चिंधी किंवा सैल बाही नेऊ नये. मागची चाके लोंबकळत ठेवून इंजिन चालू करून ऐकलेला आवाज खरा मानू नये, कारण त्या स्थितीत एक्सल खाली गेलेले असते, कोन बिघडलेले असतात आणि चांगली गाडीही कण्हते.

शाफ्ट स्थिर असताना प्रत्येक क्रॉस दोन्ही हातांनी विरुद्ध दिशांना पिळून पाहावा. जराही खेळ जाणवला, तर क्रॉस गेला. त्याहीपूर्वीची खूण डोळ्यांना दिसते : क्रॉसच्या टोपीच्या कडेला वंगणाऐवजी लालसर, विटेच्या भुकटीसारखी बारीक पूड जमलेली असली, तर आतल्या सुया, म्हणजे सुईसारखे बारीक रोलर, कोरड्या पडून गंजल्या आहेत. ज्या क्रॉसला ग्रीस भरण्याचे निपल असते त्यात चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत पंप मारावा. तीनच टोप्यांतून येऊन चौथीतून येत नसेल, तर तोच क्रॉस पुढे वाजणार आहे. गाडी जागेवरून हलताना येणारी "चीं चीं" कोरड्या क्रॉसची आणि गिअर टाकताना येणारा "टक्" झिजलेल्या क्रॉसचा किंवा स्लायडिंग स्प्लाइनचा (शाफ्टच्या आतबाहेर सरकणाऱ्या दातेरी जोडाचा) असतो. या दोन्ही आवाजांचा सलग सुराशी थेट संबंध नसला तरी ते मागच्या भागाकडे दुर्लक्ष झाल्याचे सांगतात.

सेंटर बेअरिंगचे रबर बोटाने दाबून पाहावे. ते फाटले असेल, तर पहिल्या गिअरमध्ये उठताना धडधड होते. बेअरिंग स्वतः तपासायचे असेल, तर शाफ्ट सोडवून हाताने सावकाश फिरवावे, कारण जागेवर असताना भारामुळे त्यातली खरखर बोटांना कळत नाही. शाफ्ट सोडवण्यापूर्वी सर्व फ्लँजवर (जोडाच्या तबकड्यांवर) आणि स्प्लाइनच्या दोन्ही तुकड्यांवर रंगाने किंवा पंचने खुणा कराव्यात. ही एवढी पाच मिनिटांची गोष्ट टाळल्यामुळे शाफ्ट एक दात पुढेमागे जोडला जातो, दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत राहत नाहीत आणि जिथे पूर्वी आवाज नव्हता अशा गाडीतही तो सुरू होतो. गाडी गॅरेजमधून बाहेर पडतानाच आवाज नव्याने आला असेल, तर सर्वांत आधी हे पाहावे.

कोन, म्हणजे परत येण्याचे खरे कारण

क्रॉस कोनात फिरतो तेव्हा पुढचा शाफ्ट एकसारख्या गतीने फिरत असला तरी मागचा तसा फिरत नाही. तो प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे जातो आणि दोनदा मागे पडतो. कोन तीन अंशांचा असेल, तर हा फरक दोन्ही बाजूंना सुमारे ०.१४ टक्के असतो, दहा अंशांना तो दीड टक्क्यावर जातो. पुढचा क्रॉस जितका गोंधळ घालतो तितकाच मागच्या क्रॉसने उलट घालून तो मिटवावा, ही सगळी रचना आहे, आणि ती दोन अटींवर चालते : दोन्ही क्रॉसचे कोन जवळजवळ सारखे असले पाहिजेत आणि दोन्ही योक एका प्रतलात असले पाहिजेत. साधारण नियम असा की एकमेकांना मिटवणाऱ्या दोन क्रॉसच्या कोनांत एका अंशापेक्षा जास्त फरक नसावा आणि प्रत्येक कोन तीन अंशांच्या आत असावा. मात्र कोन अगदी शून्यही नसावा. अर्धा-एक अंश असला तरच सुया फिरत राहतात, नाहीतर त्या एकाच जागी ठोके खाऊन खाचा पाडतात.

ही अट मोडली की फेरीला दोनदा बसणारा धक्का मधल्या बेअरिंगला सोसावा लागतो. तो घुमारा मालकाच्या कानावर येईलच असे नाही, पण बेअरिंगच्या कड्यांवर तो रोज पडत राहतो. मग कड्यांना खड्डे पडतात आणि बेअरिंग स्वतःच्या पट्टीत बोलू लागते. नवे बेअरिंग घातल्यावर आवाज थांबतो, ठोका चालूच असतो.

कोन मोजण्यासाठी चुंबक असलेला डिजिटल अँगल मीटर घ्यावा, तो ०.१ अंशापर्यंत दाखवतो आणि नाना पेठेत किंवा हत्यारांच्या कोणत्याही दुकानात मिळतो. गाडी सपाट जागी, चारही चाकांवर, इंधन आणि सामान नेहमीइतके ठेवून उभी करावी. गिअरबॉक्सची मागची फ्लँज, पुढचा शाफ्ट, मागचा शाफ्ट आणि पिनियनची फ्लँज अशा चार ठिकाणी मीटर लावावा, रंगाचे पापुद्रे आणि चिखल आधी खरवडून काढावा, आणि उतार पुढे आहे की मागे हेही प्रत्येक आकड्यापुढे लिहावे. शेजारच्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्यांच्यामधल्या क्रॉसचा कोन.

सिंहगड रस्त्यावरच्या एका कुटुंबाच्या सात आसनी गाडीचे आकडे इथे देतो, कारण तिचे सेंटर बेअरिंग दर पावसाळ्यानंतर बदलले जात होते. गिअरबॉक्स मागे उतरता २.० अंश, पुढचा शाफ्ट २.०, मागचा शाफ्ट ५.५ आणि पिनियन ३.० अंश. म्हणजे पुढच्या क्रॉसवर शून्य, मधल्यावर ३.५ आणि मागच्यावर २.५ अंश. पुढच्या क्रॉसच्या सुया फिरतच नव्हत्या, मधला मर्यादेबाहेर होता आणि मधल्या-मागच्या जोडीत पूर्ण एका अंशाची तफावत होती. कंस सोडवून खाली घेतला तेव्हा कारण समोर आले : चासीच्या पट्टीवर, बोल्टच्या दोन्ही भोकांभोवती, काळ्या रंगात दोन स्वच्छ चौकोन उमटलेले होते आणि त्यांच्या कडांना जुन्या मातीची रेघ होती. त्या जागी पूर्वी पत्र्याच्या चकत्या होत्या. आधीच्या कोणत्या तरी दुरुस्तीत कंस काढताना त्या खाली पडल्या असाव्यात आणि परत बसवण्याचे कोणाला सुचले नसावे.

चौकोनांच्या मापाच्या, सहा मिलिमीटर जाडीच्या चकत्या लेथवाल्याकडून कापून घेतल्या आणि मूळ बोल्टपेक्षा तितक्याच लांबीने मोठे, त्याच प्रतीचे बोल्ट लावले. पुढचा शाफ्ट सुमारे सहाशे आणि मागचा सुमारे आठशे मिलिमीटर लांब असल्यामुळे मध्य सहा मिलिमीटर खाली आल्यावर पुढचा २.६ अंशांवर आणि मागचा ५.० अंशांवर आला. तिन्ही क्रॉसचे कोन ०.६, २.४ आणि २.० झाले. त्यानंतर घातलेले बेअरिंग पुढचा पावसाळा ओलांडूनही शांत आहे.

चकत्या हे एक कारण झाले. दुसरे नेहमीचे कारण म्हणजे गिअरबॉक्सच्या खालचे रबर बसणे. ते दबले की गिअरबॉक्सची शेपटी खाली येते आणि पुढच्या व मधल्या क्रॉसचे कोन हलतात. तिसरे, आणि आपल्याकडे फार आढळणारे, म्हणजे मागच्या पाट्यांत (लीफ स्प्रिंगमध्ये) वाढवलेले पान. गावी जाताना भरलेली गाडी खाली बसू नये म्हणून पान वाढवले जाते, गाडीची पाठ उचलली जाते आणि रोजच्या रिकाम्या प्रवासात मागच्या शाफ्टचा उतार वाढतो. मधला आणि मागचा कोन सारखेच वाढल्यामुळे गोंधळ मिटतो हे खरे, पण जोर देताना मोठ्या कोनाच्या क्रॉसमुळे शाफ्टला वाकवू पाहणारा जो आडवा झटका बसतो तो मिटत नाही, आणि तोही मधल्या कंसावरच येतो. पान ठेवायचेच असेल, तर पाटा आणि एक्सल यांच्यामध्ये पाचर देऊन आणि मधला कंस आणि चासीची पट्टी यांच्यामध्ये चकत्या देऊन कोन पुन्हा मोजून घ्यावेत. आवाज फक्त गाडी भरल्यावर, म्हणजे महाबळेश्वरला जाताना येतो आणि ऑफिसच्या फेरीत येत नाही, अशी तक्रार असेल, तर भार ठेवूनच मोजावे.

हाऊसिंग

वर्णपटावर दातांचीच पट्टी दिसत असेल, तर आधी हाऊसिंगचे तेल काढून पाहावे. निचऱ्याच्या बोल्टवरच्या चुंबकाला करड्या रंगाचा मऊ लेप चिकटलेला असणे स्वाभाविक आहे. बोटांत टोचणारे तुकडे किंवा पातळ पापुद्रे असणे नाही. तेल कॉफीत दूध घातल्यासारखे दिसले, तर आत पाणी गेले आहे. पुण्यात हे पाणी कुठून येते हे वेगळे शोधावे लागत नाही. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल आणि नदीपात्रातला रस्ता पाण्याखाली जातो, आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी घरांत शिरले तेव्हा तिथल्या गाड्यांच्या एक्सलचे काय झाले असेल ते उघड आहे. धावून तापलेले हाऊसिंग एकदम थंड पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हाऊसिंगच्या हवा जाण्या-येण्याच्या वाटेतून) किंवा जुन्या सीलमधून पाणी ओढले जाते. गाडीच्या इंजिनाला काही झाले नाही म्हणून मालक निर्धास्त राहतो. पिनियनच्या बेअरिंगला गंजाचे ठिपके पडायला मात्र तेवढे पाणी पुरते, आणि सूर काही महिन्यांनी ऐकू येतो. पाण्यातून गेलेल्या गाडीचे हाऊसिंगचे तेल त्याच आठवड्यात बदलावे आणि ब्रीदरची टोपी चिखलाने बुजलेली नाही ना, ते पाहावे. तेल जीएल-५ दर्जाचे, बहुतेक गाड्यांत ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-९०, आणि मॅन्युअलमध्ये लिहिलेलेच घालावे. जीएल-४ गिअरबॉक्ससाठी ठीक असले तरी क्राऊन-पिनियनच्या घसटणाऱ्या दातांना ते पुरत नाही.

दुसरी शक्यता अधिक त्रासदायक आहे. पिनियनचे ऑइल सील गळत होते म्हणून बदलले आणि त्यानंतर सूर सुरू झाला, असा इतिहास असेल, तर नट किती आवळली गेली याचा विचार करावा. पुष्कळ गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दबणारी नळी असते. नट आवळली की ती ठरावीक प्रमाणात चेपते आणि बेअरिंगांवर नेमका ताण राहतो. एअर गनने नट "पक्की" केली की नळी जास्त चेपते आणि बेअरिंगे आवळून तापतात. नट कमी आवळली तर पिनियन पुढेमागे हलतो आणि दातांचा मिलाफ बिघडतो. जास्त आवळलेली नट थोडी मागे सोडणे हा इलाज नव्हे, कारण चेपलेली नळी पुन्हा उभी राहत नाही. ती नवीच घालावी लागते. सील बदलतानाच काळजी घ्यायची तर शाफ्ट, चाके आणि ब्रेक यांचा अडथळा काढून पिनियन फिरवायला लागणारा जोर सुई असलेल्या लहान टॉर्क पान्याने आधी मोजावा, नटेवर आणि पिनियनवर खूण करावी, आणि काम झाल्यावर तोच जोर किंवा मॅन्युअलने सांगितलेली किंचित वाढ मिळेपर्यंत नट हातानेच, थोडी थोडी आवळावी. "सील बदलायला अर्धा तास" असे सांगणाऱ्या ठिकाणी हे होणार नाही, म्हणून गाडी देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

तोल

तोलाबद्दल थोडक्यात. शाफ्टवर जोडलेली छोटी वजने निघून गेलेली आहेत का, नळीला पोचा आलेला आहे का आणि पावसाळ्याआधी केलेल्या अंडरकोटिंगचे थर शाफ्टवर उडालेले आहेत का, हे पाहावे. शेवटची गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. एका बाजूला वाळलेला डांबरासारखा लेप ४१ हर्ट्झची थरथर सहज देतो आणि तो रॉकेलच्या बोळ्याने निघतो. शाफ्टची वक्रता डायल गेजने मोजावी. तोल करून घ्यायचा असेल, तर भोसरी आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक भागात शाफ्ट बॅलन्स करून देणारे आहेत. तिथे शाफ्ट पूर्ण जोडलेला, सेंटर बेअरिंगसह न्यावा, तुकडे वेगवेगळे नेऊ नयेत. घरी परतल्यावर थरथर थोडी उरली, तर पिनियनच्या फ्लँजवर शाफ्ट अर्धा फेरा फिरवून पुन्हा जोडून पाहावा.

क्राऊन-पिनियन बदलायचीच वेळ आली तर

कोन बरोबर आहेत, तेल स्वच्छ आहे, पिनियनची नट आणि बेअरिंगे ठीक आहेत आणि तरीही खेचताना दातांचाच सूर येतो, अशा गाडीत दातांवर मार्किंगचा रंग लावून मिलाफ पाहावा. दातांच्या मधल्या भागात डाग उमटत असेल, तर जोडी झिजली असली तरी धोक्यात नाही. अशी गाडी बोलत बोलत आणखी बरीच वर्षे चालते, आणि केवळ कानाला बरे वाटावे म्हणून ती उघडू नये, असा माझा सल्ला राहील. डाग दाताच्या टोकाला किंवा मुळाशी गेलेला असेल, तर चकत्यांनी तो मध्यावर आणता येतो की नाही हे बघून मगच नवी जोडी घ्यावी. झिजलेली जोडी नव्याने जागा बदलून बसवली की पुष्कळदा पूर्वीपेक्षा जास्त बोलते.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर जोडीचा क्रमांक कोरलेला असतो. भंगारातून आणलेला क्राऊन एका गाडीचा आणि पिनियन दुसऱ्या गाडीचा असेल, तर कितीही कुशल फिटर तो आवाज काढू शकणार नाही, तेव्हा दुकानातच क्रमांक ताडून पाहावेत. जोडी बसवताना पिनियनची खोली, दातांमधला खेळ आणि बाजूच्या बेअरिंगांचा ताण मॅन्युअलप्रमाणे मोजून कागदावर लिहून मागावा. नवी जोडी घातल्यावर पहिल्या काही फेऱ्या दहा-पंधरा मिनिटांच्याच ठेवाव्यात आणि मधे हाऊसिंग निवू द्यावे, भरलेली गाडी लगेच खंबाटकीच्या चढाला लावू नये, आणि पाचशे किलोमीटर झाल्यावर, तेल अजून स्वच्छ दिसत असले तरी, ते काढून नवे भरावे.